न बोलणाऱ्यांच्या सोबतीला
राहुरीच्या आश्रमापासून मेहेराबादच्या टेकडीपर्यंत : मेहेरबाबांच्या आयुष्यातील एक दुर्लक्षित बाजू

नगर, प्रतिनिधी

नगर शहर सोडून मनमाडच्या रस्त्याला लागले, की नागापूर येते. एकेकाळचे हे खेडे आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. कारखान्यांच्या पाळ्या, अवजड वाहनांची वर्दळ आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी कामगार कुटुंबे हे आजचे नागापूर. येथून याच रस्त्याने उत्तरेला पुढे गेले, की पस्तीसेक किलोमीटरवर राहुरी लागते. उलट दिशेने शहर ओलांडून दौंड रस्त्याने दक्षिणेला गेले, की अरणगावच्या शिवारात मेहेराबादची टेकडी दिसते. राहुरी आणि अरणगाव ही दोन टोके ज्या माणसाच्या कार्याने एकमेकांना जोडली गेली, त्याचे नाव मेहेरबाबा.

मेहेरबाबा म्हटले, की बहुतेकांना त्यांचे मौन, टेकडीवरील समाधी आणि जानेवारीअखेरीस देशविदेशांतून येणारे भाविक आठवतात. समाजाने वेडे ठरवून दूर केलेल्या माणसांच्या सोबतीत त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ घालविला, ही गोष्ट मात्र नगरकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. आज स्वमग्न मुलांचे आणि प्रौढांचे पालक ज्या प्रश्नांनी हैराण आहेत, त्यांतील काही प्रश्न या चरित्रात वेगळ्या रूपाने भेटतात. आपल्यासारखे न बोलणाऱ्या माणसाशी बोलायचे कसे? त्याचा आग्रह मोडायचा की पाळायचा? आणि काळ कठीण असताना त्याच्याजवळ थांबायचे कोणी?

पुण्यातला मेरवान

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. वडील शेरियार हे इराणमधून आलेले झरथुष्ट्री गृहस्थ. तारुण्यात त्यांनी अनेक वर्षे फकिरी वृत्तीने भटकंती केली होती आणि पुढे पुण्यात संसार थाटला होता. आई शिरीन करारी स्वभावाच्या होत्या. मेरवानचे शिक्षण पुणे कॅम्पातील सेंट व्हिन्सेंट हायस्कूलमध्ये झाले आणि त्यानंतर तो डेक्कन महाविद्यालयात दाखल झाला. मराठी, गुजराती, उर्दू, फारसी आणि इंग्रजी या भाषा त्याला येत. क्रिकेटची आवड होती, हाफिजच्या काव्याचे वेड होते आणि मित्रांचा गोतावळाही मोठा होता. घरच्यांनी अशा मुलाकडून जी स्वप्ने पाहावीत, ती सारी शिरीनबाईंनी पाहिली होती.

१९१३ मध्ये या आयुष्याला अनपेक्षित वळण लागले. महाविद्यालयात सायकलवरून जाता-येताना चार बावडी भागातील कडुनिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध मुस्लिम संत स्त्रीशी मेरवानची भेट झाली आणि तो वरचेवर त्यांच्याकडे जाऊ लागला. जानेवारी १९१४ मध्ये एका रात्री बाबाजान यांनी त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले. त्यानंतर मेरवानचे भान हरपले. तो डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राही. जेवणाची इच्छा राहिली नाही; पुढ्यात आलेले अन्न तो कुत्र्यांना किंवा भिकाऱ्यांना देऊन टाकी. झोप नाहीशी झाली. कधी तो तासन् तास एकाच जागी बसे, तर कधी मैलोन् मैल चालत राही.

भक्तांच्या दृष्टीने ही आध्यात्मिक अवस्था होती. आईच्या दृष्टीने मात्र तिच्या हुशार मुलाला वेड लागले होते. शिरीनबाईंनी डॉक्टर आणले. झोपेची औषधे झाली, इंजेक्शने झाली, पण गुण येईना. हवापालटासाठी त्याला मुंबईला थोरल्या भावाकडे पाठविण्यात आले. शिरीनबाईंनी बाबाजान यांच्याकडे जाऊन माझ्या मुलाला काय केलेत, असा जाब विचारल्याचेही चरित्रकार सांगतात.

जवळपास नऊ महिन्यांनंतर मेरवान हळूहळू भानावर येऊ लागला, तरी त्रास संपला नव्हता. पुढची काही वर्षे तो एकांतात जाऊन दगडावर कपाळ आपटून घेत असे. घरच्यांना कळू नये म्हणून डोक्याला फडके गुंडाळी. भोवतालच्या जगात परत येताना होणाऱ्या असह्य वेदनेतून त्याला तेवढ्यापुरता आराम मिळे, असे त्यांनी पुढे शिष्यांना सांगितले. स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना हा तपशील वाचून आपले घर आठवेल. मूल भिंतीवर डोके आपटते तेव्हा तो हट्ट नसतो. आत साचलेला ताण सोसण्याची ती त्याची अखेरची वाट असते, हे त्यांना अनुभवाने माहीत असते. मेरवानला कोणती व्याधी होती, हे शंभरहून अधिक वर्षांनंतर ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तसे करण्याचे कारणही नाही. घरातल्या माणसांची हतबलता मात्र तेव्हा होती तशीच आज आहे.

१९१५ च्या अखेरीस मेरवान शिर्डीला गेला. तेथे खंडोबाच्या देवळात राहणाऱ्या उपासनी महाराजांशी त्याची भेट झाली. पुढे महाराज साकोरीला स्थायिक झाले आणि मेरवानचे तेथे जाणे-येणे वाढले. दरम्यान पुण्यात त्याने पोटापाण्याचे उद्योगही करून पाहिले. कसबा पेठेत मित्राबरोबर ताडीचे दुकान चालविले. दुकानात झाडलोट करण्यापासून गिऱ्हाइकाला कमी पिण्याचा सल्ला देण्यापर्यंत सारे तो करी. १९२१ मध्ये साकोरीत सहा महिने राहिल्यानंतर त्याच्याभोवती शिष्यांचे मंडळ जमू लागले. या पहिल्या अनुयायांनीच त्याला मेहेरबाबा हे नाव दिले.

वाचा नसलेला संवाद

१९२३ मध्ये मेहेरबाबा आपल्या मंडळींसह अरणगावला आले. पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या पडक्या इमारती, एक विहीर आणि उजाड टेकडी एवढेच तेव्हा येथे होते. दोन वर्षांत त्या जागेचे रूप पालटले. दवाखाना सुरू झाला, शाळा निघाली, कुष्ठरुग्णांसाठी आणि निराधारांसाठी आसरा उभा राहिला. शाळेत तथाकथित अस्पृश्य मुले आणि इतर जातिधर्मांची मुले एकत्र शिकू लागली. १९२० च्या दशकातील नगर जिल्ह्यात ही साधी गोष्ट नव्हती.

याच ठिकाणी १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी मौन धारण केले. हे मौन काही काळापुरते असेल, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ते बोलले नाहीत. प्रारंभी ते लिहून सांगत. १९२७ च्या आरंभी त्यांनी लिहिणेही सोडले आणि इंग्रजी मुळाक्षरांची एक पाटी हाती घेतली. त्यांचे बोट पाटीवरील अक्षरांवरून झरझर फिरे आणि शेजारी बसलेला शिष्य ती अक्षरे जुळवून मोठ्याने वाची. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी पाटीही बाजूला ठेवली. त्यानंतर उरले ते केवळ हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव. एरच जेसावाला यांच्यासारखे सहवासातले शिष्य त्या खुणांचा अर्थ सांगत.

हे मौन स्वेच्छेने पत्करलेले होते, ही गोष्ट विसरता येणार नाही. ज्या मुलाला शब्द सुचतच नाहीत किंवा ओठांपर्यंत येत नाहीत, त्याची स्थिती वेगळी आहे. तरीही या चार दशकांनी एक गोष्ट दाखवून दिली. न बोलणारा माणूस विनोद करू शकतो, रागावू शकतो, मोठ्या संस्थेचा कारभार पाहू शकतो, ग्रंथ सांगू शकतो आणि जगभर प्रवास करून परक्या माणसांशी नाते जोडू शकतो. मात्र त्यासाठी समोरच्यांनी त्याची भाषा शिकण्याची तयारी ठेवावी लागते. मेहेरबाबांच्या भोवतालच्यांनी ती शिकून घेतली, कारण त्यांच्या दृष्टीने ते आदरणीय होते. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाच्या वाट्याला असा आदर क्वचितच येतो. तो बोलत नाही, म्हणजे त्याला कळत नाही, असा निष्कर्ष काढून लोक त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलतात.

चित्रांची कार्डे, अक्षरांचे फलक आणि टॅब्लेटवरील आवाज देणारी साधने आज वाचा उपचारांत रुळली आहेत. त्यांच्या वापरातले महत्त्वाचे पथ्यही या पाटीच्या कहाणीत सापडते. पाटीवर फिरणारे बोट मेहेरबाबांचे स्वतःचे होते. शिष्य केवळ वाचून दाखवीत असे. दुसऱ्याने हात धरून उमटविलेली अक्षरे त्या व्यक्तीचीच मानावीत का, हा प्रश्न अभ्यासकांनी कसोटीवर घासून पाहिला आहे आणि अशा मदतीतून बहुधा मदतनीसाचेच शब्द उमटतात, असे आढळून आले आहे. साधन ज्याचे त्याच्या हाती हवे, हा त्याचा अर्थ.

राहुरीचा आश्रम

ऑगस्ट १९३६ मध्ये मेहेरबाबांनी राहुरी येथे एक आश्रम सुरू केला. त्याला सारे सरळ वेड्यांचा आश्रम म्हणत. आज हा शब्द कानाला खटकतो, पण त्या काळी दुसरा शब्द प्रचारात नव्हता. देशात १९१२ चा लुनसी कायदा लागू होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणसाला वेड्यांच्या इस्पितळात डांबता येत असे आणि तेथून बाहेर पडणे दुर्घट असे. खेड्यापाड्यांतील गरिबांना तर येरवड्यापर्यंत पोचणेही शक्य नव्हते. त्यांच्या घरातील असा माणूस गोठ्यात बांधलेला असे, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या पायरीवर पडलेला असे, नाही तर उकिरड्यावर अन्न शोधीत गावोगाव भटकत असे.

मेहेरबाबांनी आपल्या मंडळींना अशा माणसांना शोधून आणण्यास सांगितले. या कामात बैदुल नावाच्या इराणी शिष्याचा हातखंडा होता. बिथरलेल्या माणसाला न घाबरविता जवळ कसे करावे, याची त्याला उपजत जाण होती. आश्रमातील दिनक्रम साधा आणि ठरलेला होता. मेहेरबाबा पहाटे येत. शौचालये स्वतः स्वच्छ करीत. त्यानंतर एकेकाला आंघोळ घालीत, त्यांचे केस व दाढी करण्याची व्यवस्था पाहत, स्वच्छ कपडे घालीत आणि स्वतःच्या हाताने जेवू घालीत. हे काम एखाद्या सणावारापुरते नव्हते. ते रोज चाले. ज्यांच्या अंगाला वर्षानुवर्षे माणसाचा प्रेमाचा स्पर्श झाला नव्हता, त्यांच्यासाठी रोजच्या ठरल्या वेळी गरम पाणी घेऊन येणारा एकच माणूस असणे, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

राहुरीत आलेल्यांमध्ये महंमद नावाचा एक तरुण होता. तो मूळचा रत्नागिरीकडचा. मुंबईच्या रस्त्यांवरून त्याला आणण्यात आले होते. कमरेत वाकून जमिनीवर काही तरी शोधीत राहणे हा त्याचा सततचा उद्योग. बारीकसारीक कण, तुकडे तो न्याहाळीत राही. त्या शोधाला त्याने स्वतःचा एक शब्दही दिला होता. कोणी त्यात व्यत्यय आणला, की तो संतापे. मेहेरबाबांनी ही सवय मोडण्याचा प्रयत्न केला नाही. उलट त्याच्या शोधात ते रस घेत. १९३७ मध्ये मेहेरबाबा फ्रान्समधील कान येथे असताना महंमदलाही तेथे नेण्यात आले होते. तेथेही त्याचा शोध त्याच्या पद्धतीने चालू राहिला. पुढे मेहेरबाबांच्या पश्चातही तो अनेक दशके मेहेराबादमध्येच सांभाळला गेला आणि वृद्ध होऊन तेथेच त्याची जीवनयात्रा संपली.

राहुरीचा आश्रम वर्षभराच्या आत, १९३७ मध्ये, मेहेराबादला हलविण्यात आला. राहुरीत मेहेरबाबांसाठी बांधलेली लहानशी खोलीही उकलून टेकडीवर पुन्हा उभारण्यात आली. समाधीजवळची ही वास्तू आजही राहुरी केबिन याच नावाने ओळखली जाते. राहुरीतील त्या कामाची नगरकरांना दिसणारी खूण एवढीच उरली आहे.

मस्तांच्या शोधात

यानंतरची दहा-बारा वर्षे मेहेरबाबा देशभर हिंडले. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा, टंचाईचा आणि पुढे फाळणीचा. रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे, बैलगाड्या, टांगे आणि पायी अशा मिळेल त्या साधनाने ते आडगावी जात. ज्यांना ते मस्त म्हणत, अशा माणसांना भेटणे हा या प्रवासांचा हेतू होता. मराठीत मस्त हा शब्द आपण छान या अर्थाने वापरतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ धुंद झालेला असा आहे. ईश्वराच्या प्रेमाने ज्याचे भान हरपले तो मस्त आणि मनाच्या आजाराने ज्याचे भान हरपले तो वेडा, असा भेद मेहेरबाबा करीत. दोहोंचे बाह्य रूप सारखेच दिसू शकते, असेही त्यांचे म्हणणे होते. अजमेर, जबलपूर, बंगळूर, रांची, महाबळेश्वर अशा ठिकाणी त्यांनी थोड्या थोड्या काळासाठी आश्रम चालविले. विल्यम डंकिन या इंग्रज डॉक्टर शिष्याने या भेटींच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १९४८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

या नोंदी वाचताना श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी लक्ष वेधून घेते ती मेहेरबाबांची रीत. ते समोरच्याच्या जागी आणि त्याच्या वेळेनुसार जात. त्याने नकार दिला, की जबरदस्ती न करता परत फिरत आणि दुसऱ्या दिवशी, क्वचित मध्यरात्रीही, पुन्हा येत. भेटीच्या वेळी आसपास गर्दी किंवा गोंगाट नको, असा त्यांचा कटाक्ष असे. दोघांशिवाय तिसऱ्याला आत थांबू दिले जात नसे. चहा हवा तर चहा, विडी हवी तर विडी, विशिष्ट कापड हवे तर तेच कापड, अशा मागण्या जशाच्या तशा पुरविल्या जात. नागपट्टणम येथील चट्टीबाबांना अंगावर पाण्याचे घडेच्या घडे ओतून घेण्याची ओढ होती. तमिळमध्ये चट्टी म्हणजे मडके. त्यावरूनच त्यांचे नाव पडले होते. ते आश्रमात आल्यावर त्यांना पाणी कमी पडू दिले गेले नाही. ही विचित्र सवय सोडवावी, असे कोणी ठरविले नाही.

स्वमग्नतेविषयी आज जे ज्ञात आहे, त्याच्याशी ही रीत ताडून पाहण्यासारखी आहे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये, बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. राहुरीचा आश्रम सुरू झाला तेव्हा आपल्याकडे या अवस्थेला नावही नव्हते. आश्रमांत आणलेल्यांपैकी कोणी स्वमग्न होते की काय, हे आता सांगता येणार नाही. मात्र नाव ठाऊक नसतानाही तेथे जे पाळले गेले, त्यातले बरेच आजचे तज्ज्ञ पालकांना सांगतात. दिनक्रम ठरलेला ठेवा. गोंगाट आणि गर्दी कमी करा. स्पर्श, पाणी, प्रकाश, आवाज यांविषयीच्या त्या व्यक्तीच्या गरजा खऱ्या आहेत, असे समजा. बदल करावयाचा असेल, तर आधी कल्पना द्या. आणि बोलण्याचा आग्रह न धरता सोबत बसा.

श्रद्धा आणि सावधगिरी

या कार्याचे केवळ गुणगान करून थांबणे मात्र योग्य होणार नाही. मेहेरबाबांचा हेतू रोग बरा करण्याचा नव्हता, तो आध्यात्मिक होता, असे ते स्वतःच स्पष्ट करीत. मस्त आणि वेडा हा भेद वैद्यकशास्त्राचा नाही. शिवाय राहुरीपासून महाबळेश्वरपर्यंतचे हे आश्रम काही महिन्यांचेच ठरले. एका विलक्षण माणसाच्या इच्छेवर उभी राहिलेली सेवा त्याच्या पुढच्या प्रवासाबरोबर संपते. ज्यांना आयुष्यभर आधार लागतो, त्यांना तेवढ्याने पुरत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. मनोरुग्णाला किंवा वेगळ्या वागणाऱ्या माणसाला देवाचा माणूस ठरविले, की त्याच्यावरील उपचार थांबतात. देवस्थानी नेऊन ठेवले, की घरच्यांचे कर्तव्य संपते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मरण पावले. त्यांना तेथे श्रद्धेनेच आणले होते. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही व्यक्तीला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. श्रद्धा माणसाला जवळ आणते, हे राहुरीने दाखविले. श्रद्धा डोळे मिटून घेते तेव्हा काय होते, हे एरवाडीने दाखविले.

कठीण काळातील आधार

मेहेरबाबांच्या नोंदींकडे आज पुन्हा पाहण्याचे कारण अलीकडच्या अनुभवातही आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि विशेष शाळा, वाचा उपचार, फिरायला जाण्याची वेळ हे सारे एका रात्रीत थांबले. स्वमग्न मुलासाठी आणि प्रौढासाठी दिनक्रम हा पायाखालच्या जमिनीसारखा असतो. ती जमीनच सरकल्यावर झोप बिघडणे, स्वतःला इजा करून घेणे, शिकलेल्या गोष्टी विसरणे असे अनेक घरांत घडले. स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तरीही त्यांच्या दुःखाकडे स्वमग्नतेचाच भाग म्हणून पाहिले जाते आणि नैराश्याचे निदान राहून जाते. रोजच्यापेक्षा कमी खाणे, आवडीचा छंद अचानक सोडणे, झोप उडणे, डोके आपटण्याचे प्रमाण वाढणे ही त्या न बोललेल्या दुःखाची भाषा असू शकते. ती ओळखणे हे जवळच्या माणसाचे काम आहे आणि त्यावर उपचार करणे हे डॉक्टरांचे.

मराठीतील स्वमग्न हा शब्दही थोडा फसवा आहे. हा माणूस स्वतःतच रमलेला आहे, त्याला कोणाची गरज नाही, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींना सोबत हवी असते. तिची रीत तेवढी वेगळी असते. मेहेरबाबा मस्तांच्या शेजारी तासन् तास नुसते बसून राहत. ती सोबत वाया गेली, असे त्यांना कधी वाटले नाही.

मेहेरबाबांच्या काळात नसलेल्या काही गोष्टी आज उपलब्ध आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तींसाठी पालकत्वाची तरतूद केली आणि त्याअंतर्गत निरामय ही आरोग्य विमा योजना आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मानसिक आरोग्याविषयी विनाशुल्क बोलता येते. नगरहून राहुरीकडे जाणाऱ्या याच रस्त्यालगत शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याचे माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या बेघर मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. येथे सेवेला उपचारांची जोड आहे. राहुरीतल्या आश्रमात जे सुरू झाले आणि लवकरच थांबले, ते त्याच रस्त्यावर वेगळ्या हातांनी पुढे चालू आहे, असे म्हणता येईल.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात मेहेरबाबांना दोन मोटार अपघातांना तोंड द्यावे लागले. पहिला मे १९५२ मध्ये अमेरिकेत झाला, तर दुसरा २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळ. दुसऱ्या अपघातात त्यांच्या कमरेच्या सांध्याला जबर दुखापत झाली आणि पुढे चालताना त्यांना कायम वेदना होत राहिल्या. आपली वेदना बोलून दाखविण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद केला होता. ती ओळखण्यासाठी जवळच्या माणसांना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे. आयुष्यभर इतरांच्या न बोललेल्या दुःखाकडे पाहणाऱ्या माणसाला अखेरीस तशाच पाहण्याची गरज भासली.

नगरच्या उत्तरेस पिंपळगाव माळवीजवळील मेहेराझाद येथे ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मेहेराबादला आणण्यात आला आणि टेकडीवर आधीच बांधून ठेवलेल्या समाधीत सात दिवसांनी चिरनिद्रेस ठेवण्यात आला. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवशी दुपारी बारा वाजता टेकडीवर हजारो माणसे एकत्र येऊन पंधरा मिनिटे मौन पाळतात. एरवी गजबजलेल्या त्या गर्दीत पानांची सळसळही ऐकू येते.

नागापूरच्या एखाद्या खोलीत त्याच वेळी एखादी आई आपल्या न बोलणाऱ्या मुलाशेजारी बसलेली असेल. बाहेर वाहनांचा आवाज वाढला, की तो कानांवर हात ठेवीत असेल आणि ती खिडकी लावून घेत असेल. टेकडीवरचे मौन पंधरा मिनिटांत संपते. या घरातले मौन रोजचे असते. ते ऐकण्यासाठी कोणी संत असावे लागत नाही. शेजाऱ्याने कुजबुज थांबवून तासभर त्या मुलाजवळ बसावे, आईला तेवढा विसावा मिळावा, शाळेने त्याला जागा द्यावी आणि रुग्णालयात त्याची पाळी येईपर्यंत शांत कोपरा मिळावा, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. १९३६ मध्ये राहुरीत पहाटे गरम पाणी घेऊन येणाऱ्या माणसाने रोज जे केले, ते याहून फार वेगळे नव्हते.